विजेचं गणित कोण तपासणार?

2011 सालच्या अठराव्या वीज सर्वेक्षणात केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं अंदाज बांधला होता की, 2021-22 मध्ये देशाची विजेची सर्वोच्च मागणी 283 गिगावॉटवर जाईल. 2017च्या एकोणिसाव्या सर्वेक्षणात त्याच वर्षाचा आकडा 226 गिगावॉटवर आला. प्रत्यक्षात ते वर्ष उजाडलं तेव्हा मागणी 203 गिगावॉटपाशी थांबली. पहिला अंदाज आणि वास्तव यांत 80 गिगावॉटचं अंतर! कोयनेची सगळी वीजघरं मिळून 1,960 मेगावॉट होतात. अशा चाळीस कोयना या एका अंदाजात जास्तीच्या धरल्या गेल्या होत्या.

या आकड्यावरून एका घरात मामा-भाचीची नेहमी जुंपते. मामांची उभी नोकरी राज्याच्या वीज यंत्रणेत, नियोजन विभागात गेली. भाची पुण्यात वीजनियोजनाचं सॉफ्टवेअर लिहिते. पुढच्या दहा-वीस वर्षांत किती वीज लागेल, ती कोळशातून घ्यावी की सूर्यापासून, साठवण किती लागेल आणि या सगळ्याचा ग्राहकाला प्रतियुनिट भुर्दंड किती, याचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर.

"आकडा चुकला याचं मला काही वाटत नाही," मामा म्हणतात. "अंदाज चुकायचाच. पण त्या अंदाजावर करार होतात आणि करार पंचवीस-पंचवीस वर्षांचे असतात. तुम्हाला पुढच्या वर्षी नवी आवृत्ती काढता येते. सही करून बसलेल्या वितरण कंपनीला ती सोय नाही."

"म्हणून तर एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये म्हणते," भाची म्हणते. "मागणी 5 टक्क्यांनी वाढली तर काय, 3 टक्क्यांनी वाढली तर काय, गॅस महागला तर काय, पाऊस दगा देऊन गेला तर काय. अशा शेकडो शक्यता तपासायच्या तर ते हातानं होणारं काम नाही."

हातानं ते कधी होतही नव्हतं. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत पियेर मासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलविद्युत आणि औष्णिक केंद्रांतली गुंतवणूक कशी वाटावी यासाठी रेषीय गणिताची पद्धत वापरली आणि 1957 साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सत्तरच्या दशकात अमेरिकेत तयार झालेली 'वास्प' ही प्रणाली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत कितीतरी विकसनशील देशांत पोचली. गाभा तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे: मागणी भागली पाहिजे, कोणतंही केंद्र त्याच्या क्षमतेपलीकडे चालता कामा नये, आणि या अटी पाळून एकूण खर्च कमीत कमी यावा. बांधणीचा खर्च, इंधनाचा खर्च, देखभाल, व्याज हे सगळं एका समीकरणात घालायचं आणि अशी समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे सॉल्व्हरला, उत्तर शोधायला लावायचं.

खर्चाच्या या गणितात एखादं गृहीतक किती वजनदार असतं, हे भाची एका साध्या उदाहरणानं दाखवते. समजा, एक मेगावॉटचा सौरप्रकल्प 4 कोटींत उभा राहिला. वर्षभराच्या सरासरीत तो क्षमतेच्या 25 टक्के चालला, तर वर्षाला 21.9 लाख युनिट देतो. हे 4 कोटी 25 वर्षांत 8 टक्के दरानं फेडायचे, तर वर्षाला साडेसदतीस लाख लागतात, म्हणजे युनिटमागे सुमारे 1 रुपया 71 पैसे. दर 12 टक्के धरला, तर वर्षाचा हप्ता 51 लाखांवर जातो आणि युनिट 2 रुपये 33 पैशांना पडतं. पॅनल तेच, ऊनही तेच. फक्त एका फाईलमध्ये 8 च्या जागी 12 लिहिले.

"आणि तो 8 की 12 कोण ठरवणार? तुमचा सॉल्व्हर?" मामांचा प्रश्न.

"नाही. माणूसच ठरवणार. पण तो आकडा कुणी लिहिला आणि का लिहिला, हे दिसलं पाहिजे. माझा आग्रह तेवढाच आहे."

मामांना यावर दाभोळ वीजप्रकल्पाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही, आणि महाराष्ट्रात विजेच्या नियोजनाबद्दल बोलताना ती टाळूही नये. अमेरिकी कंपनी एन्रॉनबरोबर सामंजस्य करार 1992 मध्ये झाला, वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये. पुढे तो रद्द झाला, फेरवाटाघाटी झाल्या आणि 740 मेगावॉटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. दोन वर्षांत तो बंदही पडला. कराराची रचनाच अशी होती की, वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळानं क्षमतेचा स्थिर आकार भरायचा, आणि त्यातला बराच भाग डॉलरशी बांधलेला.

"महिन्याची मेस लावली की जेवा न जेवा, पैसे द्यावेच लागतात," मामा सांगतात. "कोळशाच्या केंद्राचा स्थिर आकार 85 टक्के वापराला युनिटमागे 2 रुपये पडत असेल, तर वापर 50 टक्क्यांवर आला की तोच 3 रुपये 40 पैसे होतो. दाभोळला वर महागडा नाफ्था होता. इतर केंद्रं स्वस्त पडत होती, म्हणून दाभोळ मागे घ्यावं लागायचं, आणि जितकं मागे घ्यावं तितकं युनिट महाग. हे समजायला संगणक लागत नव्हता गं. आम्हाला ते दिसत होतं."

"नुसतं दिसत नव्हतं, मांडलंही गेलं होतं," भाची म्हणते. "1993 मध्येच जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. कारण हेच, की इतकी महाग वीज पायाभूत भारासाठी घेतली तर स्वस्त कोळशाची केंद्रं बाजूला ठेवावी लागतील. पुण्यात 'प्रयास' या संस्थेच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण करून लोकांपुढे ठेवलं. गणित होतं, मामा. पण सुरुवातीला करारच लोकांसमोर नव्हता. गृहीतकं बंद कपाटात असली की बरोबर गणिताचाही उपयोग होत नाही."

इथे लेखकाला भाचीची बाजू वजनदार वाटते. दाभोळमध्ये हिशेब करणाऱ्यांची उणीव नव्हती. ज्यांनी बिल भरायचं, त्यांच्यापर्यंत हिशेबच पोचला नव्हता. त्याच काळात बंगळुरूला ऊर्जातज्ज्ञ अमूल्य रेड्डी यांनी कर्नाटकसाठी वेगळ्या वाटेनं अंदाज मांडला होता. मागच्या वाढीची रेघ पुढे ओढायची नाही. घरात किती दिवे, शेतात किती पंप, कारखान्यात किती मोटारी, त्यांची कार्यक्षमता सुधारली तर किती वीज वाचेल, असं तळातून वर जायचं. या पद्धतीनं निघालेली गरज सरकारी आराखड्याच्या निम्म्याहूनही कमी होती. तोही हिशेब उघड होता. कुणालाही प्रत्येक ओळीवर बोट ठेवून भांडता येत होतं.

पण मामांचा खरा आक्षेप दाभोळपुरता नाही. तो इनपुटच्या आकड्यांबद्दल आहे, आणि तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी नीट ऐकायला हवा.

"तुम्ही मागच्या दहा वर्षांची तासवार मागणी घेता आणि तिच्यावर मॉडेल उभं करता. त्यातली शेतीची मागणी बघ. रात्री दहानंतर ती वाढलेली दिसेल. शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायची हौस आहे का? थंडीत, अंधारात, साप-विंचवात? आम्ही फीडरचं वेळापत्रक तसं लावलं होतं. दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास. तुमच्या फाईलमध्ये जी शेतीची मागणी म्हणून आहे, ते आमचं वेळापत्रक आहे. आणि 2005 च्या आसपासचे आकडे घेशील तर आणखी फसशील. राज्यात चार हजार मेगावॉटच्या वर तुटवडा होता. खेडोपाडी बारा-बारा तास भारनियमन चालायचं. जी वीज दिलीच नाही, ती नोंदीत कुठून येणार?"

भाची हे मान्य करते, आणि इथूनच तिचं बोलणं रंगात येतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 16,000 मेगावॉटचे विकेंद्रित सौरप्रकल्प उभारून कृषी फीडर दिवसा चालवायचे आहेत. म्हणजे राज्याच्या भारवक्रातला एक मोठा तुकडा उचलून रात्रीतून दिवसात ठेवायचा. जुन्या वक्राला टक्केवारीनं फुगवणारं मॉडेल हे कधीच पकडणार नाही. म्हणून मागणीचे भाग सुटे ठेवावे लागतात: शेती वेगळी, घरं वेगळी, उद्योग वेगळे. 'प्रयास'च्या ऊर्जा गटानं पुण्यातच तयार केलेली 'रुमी' ही प्रणाली याच विचाराची आहे. पायथॉनमध्ये लिहिलेली, कोड सगळ्यांना खुला. घरगुती मागणी काढताना ती राज्य, शहर-खेडं आणि खर्चाच्या ऐपतीनुसार कुटुंबांचे गट वेगळे धरू देते. ज्या घरात पहिला पंखा येतोय आणि ज्या घरात दुसरा एसी येतोय, त्यांची वाढ एकाच टक्क्यानं मोजू नये, ही त्यामागची समज.

"बरं, मागणी जमली. पुढे?" मामा सोडत नाहीत. "कोयना तुमच्या फाईलमध्ये किती मेगावॉट?"

"1,960."

"आणि पाणी? कृष्णा लवादानं पश्चिमेकडे वळवायला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलीय. ती अट नसेल तर तुमचा सॉल्व्हर रोज संध्याकाळी कोयना फुल चालवणार आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी धरण कोरडं करून बसणार."

ती अट आता मॉडेलमध्ये कशी बसते, हे भाची त्यांना दाखवते. जलवर्षभर कोयनेतून पश्चिमेकडे जाणाऱ्या पाण्याची बेरीज एका ठरलेल्या आकड्याच्या आत राहिली पाहिजे, अशी एकच ओळ. पण त्या ओळीमुळे सॉल्व्हरचं वागणंच बदलतं. प्रत्येक घनफूट पाण्याला किंमत येते. जूनमध्ये पाऊस लांबला तर उपयोगी पडेल म्हणून ते राखलं जातं, आणि संध्याकाळी सातला सौर उतरलं की त्यातलं किती सोडायचं हे मोजून ठरतं. मामा स्क्रीनकडे बराच वेळ बघतात आणि जलवर्ष 1 जूनला सुरू होतं की आर्थिक वर्षाप्रमाणे 1 एप्रिलला धरलंय, एवढंच विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. तारीख चुकली तर एकाच पावसाळ्यात साठलेल्या पाण्याचा हिशेब दोन वर्षांत फाटतो.

अशा बारीक चुका या धंद्यात जीवघेण्या असतात. उपग्रहावरून मिळणारी सूर्यप्रकाशाची आकडेवारी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत येते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. आकडे तासातासाचे असतील आणि कुणी पाचच तास सरकवले, तर मॉडेलमधला सूर्य रोज अर्धा तास आधी मावळतो. वर्षाच्या बेरजेत काही कळत नाही, युनिट तितकेच भरतात. पण संध्याकाळचा चढ अर्धा तास सरकतो, आणि बॅटरी किती लागेल याचं उत्तर नेमकं त्याच अर्ध्या तासावर अवलंबून असतं. म्हणून चांगल्या प्रणालीत छोट्या चाचण्या कायम चालू ठेवतात. दोनच केंद्रं, एकच वाहिनी, चोवीस तास, आणि उत्तर हातानं काढून ठेवलेलं. कोडमध्ये काहीही बदललं की आधी ते उत्तर जुळलं पाहिजे.

मामांचा पुढचा मुद्दा वाहिन्यांचा. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याकडे क्षमता होती. पण मुंबईत वीज आणणाऱ्या वाहिन्या कोलमडल्या आणि शहर वेगळं काढून जगवण्याची जी बेटयंत्रणा होती, तिनंही साथ दिली नाही. "राज्य म्हणजे एकच बिंदू धरलास की अशी घटना तुझ्या मॉडेलमध्ये घडूच शकत नाही," मामा म्हणतात. भाचीकडे याला पूर्ण उत्तर नाही. वाहिन्या, सबस्टेशनं, वर्षाचे 8,760 तास, शेकडो केंद्रं आणि पुढची वीस वर्षं एकत्र घातली की समीकरणात इतके चल होतात की चांगला सॉल्व्हरही दमतो. म्हणून वर्षातले मोजके प्रातिनिधिक दिवस निवडतात.

"कोणते दिवस गाळले?"

"सरासरीच्या जवळचे बहुतेक एकात एक जातात, आणि क्वचित येणारे सुटतात."

"म्हणजे पावसाळ्यातले सलग चार ढगाळ, वारा पडलेले दिवस गेले. आमची झोप उडवणारे दिवस तेच असायचे."

इथे मात्र लेखकाचं मत मामांकडे झुकतं. प्रातिनिधिक दिवसांवर निघालेली योजना मग पूर्ण वर्षाच्या, किंबहुना अनेक वर्षांच्या हवामानावर तासागणिक चालवून बघितल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नये. राष्ट्रीय वीज आराखड्यात मागणी न भागण्याची शक्यता 0.2 टक्क्यांच्या आत ठेवायचा निकष आहे, म्हणजे वर्षात साधारण साडेसतरा तास. हे तास सगळे त्या चार ढगाळ दिवसांतच येऊ शकतात. आणखी एक खोट अशी की, बहुतेक मॉडेलांना उद्याचं हवामान आधीच माहीत असतं. त्यामुळे बॅटरी कधी भरावी आणि कधी रिकामी करावी, हे त्यांना अचूक जमतं. लोड डिस्पॅच सेंटरमध्ये बसलेल्या माणसाला ते जमत नाही.

तरीही सॉफ्टवेअर बाजूला ठेवून चालणार नाही, हे एका उदाहरणावरून पटतं. 2029-30 साठी क्षमतेचं योग्य मिश्रण काय असावं, याचा अहवाल केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं जानेवारी 2020 मध्ये काढला. 'ऑर्डेना' या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या त्या अहवालात चार तासांच्या 27,000 मेगावॉट बॅटऱ्या होत्या. एप्रिल 2023 च्या सुधारित अहवालात त्याच वर्षासाठी पाच तासांच्या 41,650 मेगावॉट आल्या. तीन वर्षांत बॅटऱ्यांमध्ये साठवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. मामा म्हणतात, बघ, यांचंही नक्की नाही. भाची म्हणते, तीन वर्षांत किमती आणि मागणी बदलली असताना उत्तर तेच राहिलं असतं, तर काळजी वाटली असती. शिवाय किमान खर्चाच्या उत्तराभोवती दोन-तीन टक्के जास्त खर्चाच्या कितीतरी योजना असतात, एकमेकींहून अगदी वेगळ्या. एकीत पंप साठवण जास्त, दुसरीत बॅटरी जास्त, तिसरीत शेजारच्या राज्याशी वाहिनी. तिचं म्हणणं असं की, वितरण कंपनीनं वीज नियामक आयोगापुढे फक्त सर्वांत स्वस्त उत्तर न ठेवता अशा पाच-सहा योजना ठेवाव्यात, आणि त्या ज्या फाईलींवरून निघाल्या त्या फाईलीही द्याव्यात. पीडीएफमध्ये छापलेले तक्ते नकोत. चालवून बघता येतील अशा फाईली.

"आणि चालवणार कोण? जनसुनावणीला येणारा शेतकरी?"

"शेतकऱ्याच्या बाजूनं बोलणारी संघटना, ग्राहक पंचायत, इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं, तू. सॉल्व्हर आता फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर छोटं मॉडेल चालतं. परवान्यासाठी लाखो रुपये लागतील असं बंद सॉफ्टवेअर असेल तर यातलं कुणीच चालवू शकत नाही."

वाद अडतो तो एका ओळीपाशी. अशा प्रत्येक मॉडेलमध्ये 'न पुरवलेल्या युनिटची किंमत' असा एक आकडा असतो. तो कमी ठेवला तर सॉल्व्हरला नवं केंद्र बांधण्यापेक्षा थोडं भारनियमन स्वस्त वाटतं. फार वाढवला तर वर्षातल्या चार तासांसाठी तो केंद्रं बांधत सुटतो. लोडशेडिंगच्या काळात हा आकडा कुणी उघडपणे लिहिला नव्हता, पण तो लागू होताच. गळती आणि थकबाकी जास्त असलेल्या फीडरला जास्त तास अंधार, अशी गटवारी आयोगाच्या संमतीनं चालायची. 2006 मध्ये पुण्यानं उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांमधून तूट भरून काढून, वरचा खर्च ग्राहकांवर आकारून शहर भारनियमनातून मोकळं केलं. ज्या शहराची ऐपत होती, त्यानं आपल्या युनिटची किंमत वाढवून घेतली.

भाचीच्या प्रणालीत आता राज्य एक बिंदू नाही. विभाग वेगळे आहेत, ग्राहकवर्ग वेगळे आहेत. त्यामुळे पुण्यातल्या लिफ्टसाठी आणि जालन्यातल्या पंपासाठी ही किंमत वेगळी लिहिता येते. उद्योगाचं उत्पादन बुडतं, त्याचा हिशेब रुपयांत निघतो, तेव्हा तिथे आकडा जास्त असावा, असं तिच्या काही सहकाऱ्यांचं मत आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकी पद्धतीनं ते बरोबरही ठरतं.

"मग मराठवाडा पुन्हा अंधारात," मामा म्हणतात. "या वेळी कारण म्हणून तुमच्या संगणकाचा कागद जोडला जाईल. किंमत सगळ्यांना एकच ठेव."

"एकच ठेवली आहे मी, डिफॉल्ट म्हणून. पण वापरणारा ती बदलू शकतो. कोड खुला आहे."

"बदलणाऱ्याचं नाव आणि कारण फाईलमध्ये नोंदवल्याशिवाय रन सुरूच होऊ नये, असं करता येईल का?"

करता येईल, असं भाची म्हणते. पण ती सक्ती सॉफ्टवेअरनं करायची की आयोगानं नियमात लिहायची, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. मामांना नियम हवा आहे, कारण कोड कुणीही वळवून घेऊ शकतो. भाची म्हणते, नियम यायला वर्षं जातील, तोवर पुढच्या पंचवीस वर्षांचे करार होऊन गेलेले असतील. तिनं ती अट पुढच्या आवृत्तीत घालायला घेतली आहे. मामा आयोगाकडे पाठवायच्या हरकतीचा मसुदा लिहीत आहेत.